सव्वीस

बाबांनी आज माझ्या ओटच्या दुधात लॅक्टोमीटर बुडवला.
काचेची ती नळी,
निवृत्त होताना संकलन केंद्रातून मागून आणलेली,
एकतीस वर्षं दुधाच्या पोटात डोकावलेली,
उंच पेल्यात दोनदा डोलली, थांबली.
चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले.
“सव्वीस,” म्हणाले. “गाईचं असतं
तर कॅन परत पाठवला असता.”

मग कॅलेंडरवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी,
पेन्सिलीनं लिहिलं : ओट, २६.
दुसऱ्या दिवशी बदाम. तिसऱ्या दिवशी सोया.
बदामाचा चोथा तळाशी बसतो,
म्हणून त्याला शेरा मिळाला : हलवून मोजणे.

ढोकाळीच्या या सातव्या मजल्यावर
फ्रिजच्या दारात आमची सरहद्द आहे.
इकडे त्यांची अर्ध्या लिटरची पिशवी,
कोपरा कापून स्टीलच्या पेल्यात उभी.
तिकडे माझा खोका,
पिशवीच्या नऊपट किमतीचा,
वर कुठल्याशा थंड देशातलं शेत.
हिशोब ते विचारत नाहीत.
मीही सांगत नाही, की पहिल्या आठवड्यात
चहा चार वेळा फाटला
आणि मी तो तसाच प्यायले, मत म्हणून.

“याला दूध का म्हणायचं?”
“बिरड्यात घालता ते नारळाचं काय असतं मग?”
यावर ते गप्प.
गुप्त्यांच्या घरात वालाच्या बिरड्याशी
कुणी वाद घालत नाही.

पोटात दुखतं का? नाही.
डॉक्टरांनी सांगितलंय? नाही.
बाळकुमला गेले होते, खरवसासाठी चीक आणायला.
तिथं दोन दिवसांचं वासरू
आईकडे तोंड करून बांधलेलं,
दोरी बरोब्बर एक वीत कमी.
खरवस केला. गूळ, वेलची, वर जायफळ.
खाल्लाही.
छान झाला होता.
तेच सहन झालं नाही.
हे बाबांना सांगितलं तेव्हा
ते नुसतं “हं” म्हणाले.

रविवारी नळी धुता धुता बोलले,
माझ्याकडे न बघता.
त्र्याऐंशी साल असेल.
कोलशेतकडे एक तबेला होता, नमुना घ्यायला गेलो.
गाय धार देत होती
आणि पुढ्यात उभं केलेलं वासरू चाटत होती.
चाटता चाटता
त्याच्या मानेची शिवण उसवली.
आत पेंढा.
ती चाटतच राहिली.
दूध निघालं. मोजलं. तीस.
पाणी नाही, पावडर नाही.
‘उत्तम’ लिहिलं,
खाली सही केली, वि. ग. गुप्ते.
“खोटं नव्हतं गं ते लिहिलेलं.”
फडक्यानं नळी पुसत राहिले,
कोरडी झाली तरी.

मला वाटलं, आता पिशवी बंद होईल.
सकाळी दाराच्या कडीला पिशवी होती.
साय त्यांनी वाटीत काढली,
साखर घातली, बोटानं चाटून खाल्ली,
लहान मुलासारखी, पाठ करून.
मी काही बोलले नाही.
माझ्या पायात चामड्याची चप्पल होती,
आणि बदामाला किती पाणी लागतं
ते मी वाचून विसरले होते.

आता गॅसवर दोन पातेली असतात.
त्यांचं वर येतं, ते फुंकर घालतात,
आच बारीक करतात, सांडशीनं उतरवतात.
माझं साय धरत नाही,
उतू जाणाऱ्यातलंही नाही.
तसं मी सांगितलं.
“असू दे,” म्हणाले,
आणि सांडशी हातात धरून
माझ्या पातेल्यापाशी
उभे राहिले.