ट्रिपल सीट

"काहून साखर टाकता, बाई, हगवणीच्या पोराले?"
कचरू उईके विचारतो
मोबाइलचा उजेड पातेल्यावर धरून.
उकळून निवलेलं पाणी, लिटरभर.
सहा सपाट चमचे साखर. मीठ अर्धा.
उपकेंद्रातली पाकिटं परवाच संपली,
कोरचीची गाडी सकाळशिवाय नाही.

हात हलवू नको, मी म्हणते, मोजू दे.

आतड्यातल्या एकेका पेशीला
तेलकट, दुपदरी कातडी असते.
मीठ एकटं गेलं तर
बाहेरच ताटकळतं.
पण तिथं एक दार आहे, हट्टी,
तिघं मिळून आले तरच आत घेतं:
मिठातले दोन कण, साखरेचा एक.
ते गेले की मागून पाणी जातं,
त्याला बोलवावं लागत नाही.

कचरू जरा वेळ गप्प.
"म्हंजे ट्रिपल सीट."

हो. आणि पोलीसच म्हणतो, ट्रिपलच या.

पहिला चमचा उलटून पडला.
दहा मिनिटं थांबलो. पुन्हा चमचा.
दिलेशच्या पोटाची चिमट घेतली,
घडी तशीच उभी,
इस्त्री चुकलेल्या कापडासारखी.
दोन-दोन मिनिटांनी चमचा.
बाहेर मोहाखाली कोणाचं तरी कुत्रं फुलं हुंगत होतं.
मोबाइल विझला. चूल पुरे झाली.

नर्सिंगला या दाराचं चित्र काढलं होतं मी,
निळ्या पेनानं. पाच मार्क.
किती लहान असतं ते, बाईंनी सांगितलं होतं;
किती वेळ लागतो, ते नाही.

कोंबडा आरवायच्या जरा आधी
माझ्या मांडीवर काहीतरी ऊन ऊन पसरलं.
पदर, परकर, सगळं ओलं.

"मुतला?" कचरू ओरडला.
असा, की शेजारची माणसं उठून आली.