झोपण्याआधी एक

धंतोलीतल्या डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला.
साखर बरी, दाब बरा, ईसीजी
शाळकरी पोराने गिरवलेल्या पाढ्यासारखा.
"काका, तुम्हाला काहीच झालेलं नाही," म्हणाले,
आणि त्याच दमात गोळी लिहिली.

वय अठ्ठ्याहत्तर. आजवर खबरदारी म्हणून
खिशात बाळगला तो कांदा,
मे महिन्यात, ऊन लागू नये म्हणून.
कांद्याला कधी कोणी हिशेब विचारला नाही.
गोळीला मी विचारला.

डॉक्टर खुर्चीत जरा मागे रेलले.
"तुमच्यासारखे शंभर धडधाकट समोर बसवले,
पाच वर्षं रोज दिली,
तर दोघांचा, फार तर तिघांचा झटका टळेल.
हाही अंदाजच. तुमच्या वयाची माणसं
अभ्यासात फारशी घेत नाहीत."
कोणते दोघे?
"ते आम्हाला कळत नाही.
त्यांनाही कळत नाही."

बाहेर बाकांवर अकरा जण होते.
त्यातले दोघे निवडून पाहिले. जमलं नाही.

शशिकला म्हणाली, "चांगल्या माणसाले काहून दवाई?"
हैदराबादहून पोरगी म्हणाली, "बाबा, मुकाट्याने घ्या."
औषधवाला म्हणाला, पपनस खाऊ नका यावर.
आणि संत्री?
संत्री खा.
या गावात राहून
याहून मोठा दिलासा कोण देणार!

भिवापूरकर सात घ्यायचे.
सोमवार ते रविवार, निळ्या डबीत, न चुकता.
हृदय शेवटपर्यंत ठणठणीत राहिलं,
फक्त ते कोणाचं आहे हे ते विसरले.
बायकोला अहो ताई म्हणायचे,
आणि नाडी बघणारा म्हणायचा, वा.

मी चौतीस वर्षं चाकं वाजवली.
नागपूर स्टेशन, रात्रपाळी,
गाडी थांबली की खाली उतरायचं,
हातोडा, कंदील, एकेका चाकाला एक ठोका.
चाक खणखणलं की पुढे.
रजिस्टरात लिहायचं, दोष नाही.
चौतीस वर्षं दोष नाही, दोष नाही.
एकदा मात्र ठोका बद्द आला.
डबा काढला, गाडी दोन तास खोळंबली,
खिडक्याखिडक्यांतून शिव्या.
चाक वर्कशॉपला गेलं. पुढे काय निघालं
मला कोणी कळवलं नाही.
ती माणसं असतील कुठे कुठे म्हातारी होत,
त्या रात्री कसा उशीर झाला ते सांगत.

म्हणून घेतली गोळी. तिसऱ्या महिन्यात
सेमिनरी हिल्सच्या चढावर मांड्या भरून आल्या,
जिथे मी रोज पहाटे मोर मोजायला जातो.
डॉक्टर म्हणाले, गोळीनेही असेल, वयानेही असेल,
पंधरा दिवस बंद करून बघा.
बंद केली. मोर परत मोजता आले. नऊ.
आता हे गोळीमुळे की बंद आहे या समाधानामुळे,
तेही कळत नाही.

हातोडा मारला म्हणून
चाकाच्या मांड्या कधी दुखल्या नव्हत्या.
हे मी डॉक्टरांना सांगितलं. हसले.
म्हणाले, अर्धी घेऊन बघू. नको असेल तर तसंही सांगा,
ते चूक ठरणार नाही.
एवढा मोकळा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला,
आणि त्यामुळेच झोप उडाली.

तर रात्रीचे साडेदहा. कूलर घरघरतो आहे,
अजनीकडून इंजिनाची लांब शिट्टी.
सुपारीच्या अडकित्त्याने गोळी कापतो,
एक अर्धी नेहमी मोठी होते.
तळहातावर दोन्ही ठेवून बघत बसतो,
लहान घ्यावी की मोठी, की कुठलीच नाही.

शशिकला तांब्या ठेवते उशाशी.
"घ्यायची त घ्या, नाई त नका घेऊ.
पानी तेवढं प्या."