कर्ता

दोन चाळीसला मी एंटर दाबलं.
रोज स्क्रीनवर येतं: एक नोंद बदलली.
आज आलं: अकराशे त्रेचाळीस.
अटीची ओळ निवडायची राहून गेली होती.
पंखा फिरत होता. बाहेर फडावर
तेंदूचे पुडे उन्हात उलटत होत्या बाया.

चार वाजता सगळ्या फडांची मजुरी
एकट्या जिराबाई कुमरेच्या खात्यात गेली.

मध्ये ऐंशी मिनिटं होती.
एक फोन केला असता तर बँकेनं थांबवलं असतं.
मी बॅकअप शोधत बसले.
सापडला तो गेल्या मोसमाचा,
त्यात वारलेल्या दोघी अजून पानं तोडत होत्या.

पासवर्ड तिघांचा एकच.
टिकाराम मागच्याच आठवड्यात नोकरी सोडून गेलेला,
त्याच्या नावावर सहज खपलं असतं.
तो आता साकोलीकडे कोंबड्या पाळतो,
त्याला कोण विचारायला जातंय.

रात्री नागपूरला मेल लिहायला घेतला.
'तांत्रिक त्रुटी उद्भवली.'
खोडलं.
'चूक झाली.'
जसा पाऊस झाला, जशी संध्याकाळ झाली.
'माझ्या हातून झाली.'
हात जणू शेजारणीकडून मागून आणलेला.
आपल्या भाषेत लपायला किती जागा!
शेवटी दोन वाक्यं उरली:
चूक मी केली. ऐंशी मिनिटं मी लपवली.
पाठवणार तोच लाईट गेली.
मोबाईलवर पुन्हा सगळं लिहिलं.
दुसऱ्यांदा 'मी' जास्त जड गेला.

सकाळी फडावर उभी राहून तेच बोलले.
जिराबाई पासबुक घेऊनच आली होती.
नातवानं शून्यं मोजून दिली होती,
दर वेळी वेगळी.
"माहे नाही हे, घेऊन जाय," म्हणाली,
"रातभर कुत्रं भुकलं का दचकली मी."

मागून सुगंधा मडावी उठली.
"पुड्यात सत्तराच्या जागी अडुसष्ट पानं निघाली
तं मुनशी पुडा बाजूले फेकते.
तुले कोन फेकते, बाई?"

अजून ठरलं नाही, मी म्हणाले.

कोणी हसलं नाही.
सुगंधा खाली बसली, हातातला वाक दातानं तोडला.
"मंग ठरू दे. आमचे पैसे किती दिवसानं?"

एकोणीस, मी म्हणाले.

लागले तेवीस.
ते वरचे चारही
माझ्याच नावावर.