एक जून

नाव लिहायचं नसतं, कायदाच तसा आहे.
म्हणून प्रकरण क्रमांक, तिरकी रेघ, साल.
आई त्याला चिन्नोडू म्हणते,
तेवढं मी कच्च्या वहीत टिपलंय.

कुंभारीच्या विडी घरकुलात
पत्र्याखाली, दुपारी तीनला, तपासणीला बसले.
माझ्या मांडीवर नमुना, तिच्या मांडीवर सूप.
बोलताना तिची बोटं थांबली नाहीत:
पान, चिमूट तंबाखू, वळ, मुडप, दोरा.
हजारातल्या तीस-चाळीस कारखान्यात छाट निघतात.
ती म्हणाली, "पोरांचंबी तसंच का मॅडम?"
मी पुढचा रकाना वाचला.

उत्पन्न. घराचा प्रकार. व्यसने. शेजाऱ्यांचे मत.
शेजारीण म्हणाली, पाणी भरू लागायचा.
मार्चातली रात्र, सुताच्या पेढीचा मुनीम,
तिघं आणि एक कोयता,
आणि हा, कोपऱ्यावर गाडी चालू ठेवून.
कलम भारी आहे.
सोळा पूर्ण असतील तर मंडळानं तपासायचं,
याला मोठ्यांइतकं कळत होतं का.
नसतील, तर नाही.

शाळेचा दाखला म्हणतो एक जून.
त्या वर्गात एकोणीस पोरं एक जूनची,
गुरुजींनी एका बैठकीत जन्माला घातलेली.
म्हणजे त्या रात्री पंधरा वर्षं, नऊ महिने.

मग दोरा तोडता तोडता ती सहज बोलली,
"गड्ड्याचे पाळणे उतरवत होते बघा, तवा झाला.
थंडी कसली! घरात चादर नव्हती,
चादरीच्या गावात."
आणि हसली.

गड्डा जानेवारीत.
मी बोटांवर मोजलं, मग मूठ मिटली.
नियमात दाखला आधी येतो,
आईची आठवण कुठंच येत नाही.
पहिल्यांदाच मला तो नियम आवडला.
पेन बंद केलं. पाणी मागितलं.

निरीक्षणगृहात तो खिडकीखाली,
सरकारी चादर पसरून
तुटका ताणा हुडकत होता.
गाठ मारायचा ती मागावरची,
बोट फिरवलं तरी लागत नाही अशी.
काळजीवाहक म्हणाले, अकरा झाल्या,
पोरं रांग लावतात.
"कुणी शिकवलं?"
"बाप जॉबर होता."
होता, एवढंच.
'कौशल्ये' समोर एकच ओळ आहे, तीही अर्धी.

मंडळातल्या दोघांची मुदत संपली,
नवी यादी मुंबईत सहीला.
पुण्याहून पत्र: प्रलंबित प्रकरणांचा तक्ता तातडीने पाठवा,
निरंक असल्यास निरंक कळवा.

तारीख पडलीय, एक जून.
त्याला सांगितलं.
चादरीवरून मान वर न करता म्हणाला,
"त्या दिवशी काय असतंय?"