अंदाजे, पेन्सिलीनं

हरभट रोडला, भडंगवाल्याच्या डोक्यावर
आमचं ऑफिस: दोन टेबलं, एक प्रिंटर
आणि जिन्यात मुक्कामाला असलेला लसणाचा वास.
फॉर्म सोळा घेऊन माणसं वर येतात
तेव्हा त्यांना आधी भूक लागते,
मग प्रश्न पडतो.

प्रश्न एकच असतो.
"आवटीबाई, मला किती येतंय?"

टीव्हीवर सवलत जाहीर झाली त्या रात्रीपासून
नमस्कार-चमत्कार बंदच झालेत सांगलीत.
हळदीचे अडते नेमगोंडा चौगुले
नखांत पिवळं घेऊन समोर बसतात,
माझाच कॅल्क्युलेटर ओढून घेतात,
आणि त्यांचा आकडा माझ्यापेक्षा
दरवेळी सात-आठ हजारांनी मोठा निघतो.
"बाई, तुम्ही लई हात आखडता."
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवलेला माणूस,
त्याला स्लॅब कसा समजावणार?
सरकार रुमालाखाली हात घालत नाही, काका.
ते हसतात. चहा मागवतात. माझ्याच खात्यावर.

मी पेन्सिलीनं लिहिते.
बाजूला बारीक अक्षरात 'अं.'
काळेसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
शाईनं लिहिलंस की ते वचन झालं.
पण समोरच्याला 'अं.' दिसत नाही.
त्याला आकडा दिसतो, आकड्यात फ्रिज दिसतो,
पोरीच्या हॉस्टेलचा दुसरा हप्ता दिसतो.

एस्तेर घाटगे मे महिन्यात आली,
मिरजेहून, रात्रपाळी उतरून, पहिल्या बसनं.
मी बेरीज केली, वजाबाकी केली,
अठरा हजार चारशे म्हटलं.
तिनं कागद मागितला नाही.
बीपी लिहितात तसं
बॉलपेननं तळहातावर लिहून घेतलं
आणि मूठ मिटून जिना उतरली.

तेव्हा तिचं माहितीपत्रक पुरतं आलेलं नव्हतं.
थांबायला हवं होतं मी.

जुलैत आलं. त्यात एक व्याजाची ओळ,
मिरजेतल्या बँकेची, तिच्या पॅनवर.
तेवढ्यानं ती मर्यादेच्या वर गेली, सवलत गेली,
अठरा चारशेचे उरले सहा हजार शंभर.
फोनवर ती आधी काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, "मी कुठं ठेव ठेवलीय?
आणि बाबांचं कानाचं मशीन घेतलंय की हो मी,
तुमच्या आकड्यावर."

तिचे बाबा.
चर्चची पेटी चाळीस वर्षं सुरात ठेवली त्यांनी,
आणि गेली तीन वर्षं
त्यांना दाराची कडीसुद्धा ऐकू येत नव्हती.

ठेव त्यांचीच निघाली.
पेट्या दुरुस्त करून साठवलेले पैसे,
लेकीच्या पॅनची झेरॉक्स कपाटातून काढून
तिचं नाव पहिलं घालून ठेवलेले.
कुणाला सांगितलं नव्हतं.
ती घरी जाऊन ओरडली म्हणे,
सवयीनं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं:
"बाबा, हे काय करून ठेवलंत?"
आणि म्हातारा म्हणाला,
"हळू बोल. ऐकू येतंय मला."

हे तिनं मला ऑगस्टमध्ये सांगितलं,
हप्ता भरायला सांगलीत आली होती तेव्हा.
हसली. मग एकदम गप्प झाली.
ठेवीचं काय करणार, मी विचारलं नाही.
माझं आता विचारायचं तोंड नव्हतं.

तिच्या फाइलवरचे अठरा चारशे खोडले.
खोडरबर फिरवून कागद पातळ झाला,
एक गेला, चार गेला, शून्यं गेली,
आठाचा वळसा मात्र राहिला,
त्याच्यावरच सहा बसवला मी.

जिन्यात चपला वाजतायत.
चौगुलेकाका. अजून त्यांचं आलेलं नाही.
मी पेन्सिलीला टोक काढते.