डावी बाजू

कान फुटला तेव्हा मी तिसरीत होतो.
आईने लसूण कडवून तेल घातलं,
वर कापसाचा बोळा.
तो बोळा पुढे तीस वर्षं राहिला.

टॉवेलच्या कारखान्यात कुणाला कळलं नाही.
माग सुरू असताना
सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात.

डॉक्टर हत्तुरेंनी लोखंडी चिमटा वाजवून
माझ्या कपाळाला टेकवला.
कुठल्या कानात वाजतंय?
डाव्या, म्हणालो, आणि ओशाळलो,
फुटक्या कानात जास्त कसं वाजेल?
ते म्हणाले, बरोबर आहे.
आतली नस शाबूत आहे तुमची.

मग केसपेपरच्या पाठीवर
नाकामागून कानापर्यंत जाणारी एक नळी काढली.
गिळताना उघडते, आत हवा सोडते.
तुमची चोंदलीय. आधी ती मोकळी होऊ दे,
नाहीतर नवा पडदाही आत ओढला जाईल.
ताणाचं हे गणित
मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

नुसता कान बधिर केला, मी जागा.
कानामागची कातडी उघडून
स्नायूवरची साय सोलली,
काचेवर पसरून वाळत ठेवली.
माझंच कापड, माझ्याच भोकाला.
मी विचारलं, आखूड पडलं तर?
हिरव्या कापडापलीकडून कुणीतरी हसलं.
पुरेल, यन्नम. बोलू नका.

नाक शिंकरायचं नाही.
शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.
डोक्यावर पाणी नाही दीड महिना,
आणि बाहेर सोलापूरचा मे.

आतलं भरण काढलं त्या रात्री
नागमणी नेहमीसारखी डावीकडे,
बोटांना तंबाखूचा वास,
तोंड भिंतीकडे.
चेप्पिना विनडु, म्हणाली.
सांगितलं तरी ऐकत नाही हा.
आणि मग सांगत राहिली,
मुकादमाने छाटून टाकलेल्या विड्या,
धाकटीची फी,
मावशीने परत मागितलेली बोरमाळ,
आणि एक नाव,
आमच्या पहिल्या बाळाचं,
जे आम्ही ठेवलंच नव्हतं.

तीच ती हळू पट्टी.
म्हणजे रोज सांगत असणार.

मी हललो नाही.
फक्त आवंढा गिळला,
आत नळी उघडली,
टक् झालं.

ती बोलायची थांबली.