एकच खोबण

तुर्कूहून स्टॉकहोमला जाणाऱ्या बोटीवर
रात्री साडेनऊला इर्मेली आपला ऑर्केस्ट्रा मांडते.
ऑर्केस्ट्रा म्हणजे एक टॅबलेट,
कोपऱ्यात तडा, त्यावर चिकटपट्टी;
ड्रमसाठी जुना फोन,
आणि पोळपाटाहून जरासा लांब कीबोर्ड.

टॅबलेटला खोबण एकच.
चार्जर लावला तर आवाज जातो,
आवाज हवा तर चार्जर काढा.
दुतोंडी अडॅप्टर होता,
सगळे खिसे उलटे केले, नाही.

बासष्ट टक्के.
पहिल्या टँगोला सात जोडपी उठतात.
बोट कलते तशी तीही कलतात,
जणू ते पाऊल नाचातलंच.

एकतीस.
ती पडद्याचा उजेड उतरवते,
स्वरलिपी मुंग्यांएवढी पुसट,
उरलेलं बोटांना पाठ आहे. बहुतेक.

चौदा.
ड्रम अचानक गप्प,
आणि अख्ख्या हॉलभर, दोन्ही स्पीकरमधून,
आईची रिंग.
इर्मेली फोन कापते. कानशिलं लाल.
ऑस्मो मात्र थांबलेलाच नाही,
काठी खुर्चीला टेकवून
बायकोच्या पाठीवर बोटांनी ठेका धरून आहे.

दोन.
ती चार्जर खोचते.
आता खालून इंजिनाची घरघर तेवढी,
इतका वेळ होतीच की ती.
तीन जोडपी तिच्यावरच नाचत राहतात.

पहाटे डेकवर, थंडीत, ती फोन लावते.
“काल काय म्हणत होतीस?”
“काही नाही गं.
तुझं ते दोन तोंडांचं काहीतरी
पावाच्या डब्यामागे राहिलंय.”